आधी घरची हसली पायजे

“आधी घरची बाय हसली पायजे, मंग ब्रश उचलायचा,” असं म्हणून पेंटरकाका कानामागची पेन्सिल काढायचे आणि पुन्हा कानामागेच खोचायचे.

कशेळ्याच्या अलीकडे, नदीकाठी आमच्या गावाची स्मशानभूमी आहे. दहाव्याला माणसं बसतात त्या शेडची आतली भिंत पाहिलीत तर तुम्ही चक्रावून जाल. गेलेल्या प्रत्येकाचं तिथे वीतभर चित्र आहे आणि खाली एक ओळ. टपरीवाल्या म्हातारीची किटली, खाली ‘चहा ठेवलाय. घाई नाय, सावकाश या.’ जन्मभर एसटी चुकवणाऱ्या एका गृहस्थांची लाल गाडी, खाली ‘ही तेवढी मिळाली.’ पिंडाला कावळा शिवेपर्यंत लोक या ओळी वाचतात आणि डोळे पुसता पुसता हसतात.

ही सगळी करणी आमच्या पेंटरकाकांची. पोटासाठी ते टेंपोच्या पाट्या रंगवत, भिंतीचं काम मात्र स्वतःच्या हौसेचं. सुतकातच ते त्या घरी जात आणि गेलेल्याच्या बायकोला, नाहीतर आईला ओळ ऐकवत. ती हसली तर चित्र, नाहीतर नाही.

माझा धाकटा भाऊ मोटरसायकलवरून पडून गेला, सव्विसाव्या वर्षी. आईने बोलणंच टाकलं. पाचव्या दिवशी काका दारात हजर. मी शाळामास्तर, या प्रकाराचा मला आधीच तिटकारा. “काका, काही वेळकाळ आहे की नाही?” मी ओरडलो. ते शांतपणे उंबऱ्याशी बसले.

“वैनी, पोरगा घरात आला की आधी टोपावरचं झाकण उघडायचा. टोप काढतो. खाली लिवतो, ‘आज काय केलंय?’”

आईने तोंड फिरवलं. काका गुपचूप उठून गेले.

भिंतीवर मात्र त्यांनी चौकोन आखून जागा राखली. नंतर गेलेल्यांची चित्रं त्या चौकोनाच्या पलीकडे निघाली. दर महिन्या-दोन महिन्यांनी काका नवी ओळ घेऊन येत आणि आई हसत नसे. माझा राग कधी ओसरला कळलं नाही. पुढे पुढे तर मीच त्यांची वाट पाहायचो, हे कबूल करतो.

तिसऱ्या वर्षी ते रिक्षातून, खोकत खोकत आले. “वैनी, आउट झाला तरी तो पीच सोडायचा नाय, आठवतं?” आई बघत राहिली. “बॅट काढतो. खाली लिवतो, ‘मी आउट नाय. अंपायर चुकला.’”

आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. मग हसता हसताच तिने हंबरडा फोडला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती.

“अस्संच भांडायचा माझा लबाड,” ती म्हणाली. “लिवा, भावजी.”

खोकल्याची उबळ आवरत काकांनी तो चौकोन भरला. अक्षरं वाकडी आली, ती आम्ही तशीच ठेवली आहेत.

गेल्या वर्षी काका गेले. चित्र मी जमेल तसं काढीन, पण ओळ कोण सांगणार, आणि काकू हसणार कशा? तेव्हा आई आपणहून उठली. आता दर गुरुवारी ती काकूंच्या ओटीवर जाऊन बसते आणि काकांवरची एक ओळ ऐकवते.

परवा ती परत आली, तेव्हा मी नुसतंच तिच्याकडे पाहिलं.

“नाय हसली,” चपला काढत आई म्हणाली. “पण आज चा सगळा प्याली.”