मीठ फुटलेला कोपरा

बारामतीच्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा आमच्या अख्ख्या अंथुर्णे गावात त्याचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. मलाही फारसा नव्हता, पण ते मी कबूल करत नसे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आले की वडील, म्हणजे आमचे आबा, मला बांधावर बसवून घ्यायचे आणि विचारायचे, "बोला मास्तरीणबाई, आज जमिनीच्या पोटात काय घावलं?"

आबा शेती करायचेच, पण हंगामात पणदऱ्याच्या एका गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून गूळ शिजवायलाही जायचे. रसाची काहील कधी उतरवायची हे नुसत्या वासावरून सांगायचे. त्यामुळे माझं पुस्तक माझ्याआधी त्यांनाच कळायचं, याची मला भारी चीड. जमिनीखाली वितळलेला खडक निवत जातो तशी जड खनिजं तळाला बसतात आणि क्रोमियमचे साठे होतात, असं मी तोऱ्यात सांगितलं, तर म्हणाले, "मंग काकवीचंच झालं की. बरणीत ठिवली का तळाला खडं धरत्यात." भेगांतून गरम पाणी वर चढतं आणि निवताना सोबत आणलेलं सोनं, तांबं, गारगोटी तिथंच टाकतं, हेही त्यांना लगेच पटलं, विहीर खोदताना असल्या पांढऱ्या शिरा त्यांनी पहारीनं फोडल्या होत्या. बॉक्साइटला मात्र वेळ लागला. पाऊस हजारो वर्षं खडक धूत राहतो, विरघळणारं सगळं वाहून जातं, न विरघळणारं जागेवर राहतं, तोच साठा. "चोथा," आबा म्हणाले आणि विषय संपला.

मग एका संध्याकाळी मिठाचा धडा आला. साठलेलं पाणी उन्हानं उडून जातं, मीठ मागं राहतं, थरावर थर चढतो. बोलता बोलता माझी नजर समोर गेली. आमच्या रानाचा खालचा अर्धा एकर पांढरा पडला होता. ऊस गुडघ्याएवढाच, तोही पिवळा. गावात याला 'मीठ फुटलं' म्हणायचे आणि त्यावर सगळ्यांचा उपाय एकच होता, अजून पाणी द्यायचं. मीठ धुऊन जाईल.

"आबा, ते धुतलं जात न्हाय. पाण्याला भाईर जायला वाटच न्हाय. जेवढं देताय तेवढं खालनं वर येतंय, मीठ टाकून उडून जातंय. पाणी बंद करा."

आबा ताडकन उठले. "पाणी बंद करा? माझ्या बापाला जाऊन सांग हे."

आम्ही बौद्ध. आजोबांच्या उमेदीच्या काळात पाटाचं पाणी आमच्या रानाला सगळ्यात शेवटी, तेही वरच्यांचं भरून उरलं तर. दिवसदिवस फावडं घेऊन उभं राहायचं आणि कोरड्या पायांनी घरी यायचं. आबांनी अर्ज करून, भांडून आमची पाण्याची पाळी लावून घेतली होती. तेव्हापासून त्यांनी एकही पाळी सोडली नव्हती, रानाला गरज असो वा नसो. आणि मी दीड पुस्तक वाचून त्याच पाण्याला नावं ठेवत होते.

चार दिवस आमचा अबोला. पाचव्या दिवशी आबांनी त्या कोपऱ्यात हातभर खड्डा खणला. एवढ्यावरच पाणी लागलं. ते त्यांनी आईच्या परातीत घेऊन बांधावर उन्हात ठेवलं. आटल्यावर परातीत पांढरा पापुद्रा राहिला. त्यावर रोज पाटाचं पाणी ओतायचे, ते उन्हात आटू द्यायचे आणि माझ्याकडं न बघता म्हणायचे, "मीठ धुतोय." आई करवादली, "आन् पीठ काय पदरात मळू?" आठवड्यानं आबांनी तो पापुद्रा बोटानं खरवडून जिभेला लावला आणि थुंकले. मीठ होतं तिथंच होतं.

"परातीला भोक न्हाय," एवढंच म्हणाले.

पाणी निघून जायला रानात चर खणायचं ठरलं, पण त्याआधी जमीन सुकायला हवी होती. पाळीच्या सकाळी पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी आला. आबा म्हणाले, "आमचं ऱ्हाऊ द्या. म्होरच्याला द्या." पाटकऱ्यानं दोनदा विचारून घेतलं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. पाणी आमच्या रानाशेजारून पुढं निघून गेलं. आबा फावडं धरून तसेच उभे.

परत निघताना ते अचानक पाटात उतरले आणि गुडघाभर चिखलातून चालत आले. मला काही उमगेना.

आजोबांना तेव्हा दिसायचं बंद झालं होतं. आम्ही आलेलं ऐकून त्यांनी दारातूनच विचारलं, "आलं का पाणी?" आबा नुसते जाऊन त्यांच्यापुढं उभे राहिले. म्हाताऱ्यानं हात पुढं करून लेकाची पोटरी चाचपली, ओला चिखल बोटांना लागला तसा चेहरा खुलला.

"आलं," आजोबाच म्हणाले.