सोपवलेला जिल्हा

शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय ज्याने कधी कुणापुढे पाण्याचा पेलाही सरकवला नाही, असा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो माझा थोरला साढू आहे. सावनेरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले आणि मनीषनगरात आमच्याच गल्लीत राहायला आले. तेव्हापासून आमच्या कानांना सुट्टी नाही. लग्नात कुणी नुसतं "जिल्हा कोणता?" विचारलं की संपलं. जिल्हा म्हणजे अरबीत बरगडी, तहसील म्हणजे वसुली, आणि तिथून गाडी थेट विलायतेत. तिकडे जिल्ह्याला जुना शब्द 'शायर'. "लोक म्हणतात, कापलेला तुकडा म्हणून शायर. साफ खोटं! मूळ अर्थ सोपवलेलं काम, जबाबदारी. जमिनीचा अर्थ मागून आला गा!" असं ते एकदा नवरदेवाच्या मामांना सांगत होते आणि मामांच्या पानातला वडाभात निवत होता.

घरातही त्यांनी शायर पाडले होते. स्वयंपाकघर त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या ताईंचं; पुस्तकं आणि गच्ची त्यांची. दुसऱ्याच्या हद्दीत ढवळाढवळ नाही. तत्त्व मोठं सोयीचं होतं. ताई कुहीला माहेरी गेल्या की हा विद्वान बिस्किटांवर जगे, पण गॅस पेटवत नसे. "काहून पेटवू? माझी नेमणूक नाही तिथं." ताई हसून म्हणत, "यायले चहा पिता येते, करता येत नाही."

मग ताईंना अर्धांगवायू झाला, वाचाही गेली. सगळा कारभार एका दिवसात साढूंकडे आला. भरवणं, कूस बदलणं, पाठीच्या जखमा धुणं. भात करपे, हात भाजत, आणि ताई डोळ्यांनीच रागवत. पुण्याची मुलगी येऊन म्हणाली, "बाबा, आईले एखाद्या सेवाश्रमात ठेवू. नाहीतर आईच्या आधी तुम्हीच जाल." साढू कडाडले, "मले सोपवलेलं मी दुसऱ्याले सोपवत नाही!" ती रडत परत गेली. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना तिचंच पटत होतं.

शेवटी ताई घरीच वारल्या, साढूंच्या हातचे दोन घास खाऊन.

परवा गेलो तर साढू रिकाम्या पलंगाशेजारी बसले होते. न राहवून मीच विषय काढला, "भाऊजी, ते शायर म्हणजे काय हो?"

"तूच सांग. मले नाही आठवून राहिलं."

मी सांगत गेलो, सुचेल तसं, चुकतमाकत. त्यांनी एकदाही अडवलं नाही.