हलू नका, काटा होतोय

खाणीच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला वजनकाटा लागतो. जमिनीलगत बसवलेला लांबलचक लोखंडी फलाट, आणि त्याच्या शेजारी एक माणूस जेमतेम मावेल एवढी केबिन. त्या केबिनमध्ये बसतात त्या काटेबाई. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ट्रकवाल्यांनी पाडलेलं नाव ते, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. कुणी म्हणे काट्यावर बसतात म्हणून, कुणी म्हणे काटेकोर आहेत म्हणून. दोन्ही खरं.

पठारावरून चुनखडीचे दगड भरून आलेला ट्रक फलाटावर चढू लागला की केबिनवरच्या भोंग्यातून त्यांचा आवाज येई. "पुढे... अजून... अजून... बस्स! हलू नका, काटा होतोय." एखादा नवखा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारी, "बाई, मी जरा हललो तर काय बिघडलं? वजन वाढणार आहे का?"

"वाढणार नाही. पण आकडा नाचतो. आणि मला नाचणारे आकडे आवडत नाहीत."

त्यावर वाद घालणारा ड्रायव्हर अजून जन्माला यायचा होता. एक होता, पण त्याच्याशी काटेबाईंनी लग्न केलं.

त्या ड्रायव्हरला खाणीत सगळे उस्ताद म्हणत. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. मॅनेजरनं सांगितलं तरी स्वतःला पटल्याशिवाय गाडी हलवणार नाहीत आणि थांबवणारही नाहीत. फक्त भोंग्यातून 'बस्स' आलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. ही गोष्ट त्यांनी स्वतःच एक दिवस केबिनच्या खिडकीशी येऊन सांगितली होती. "बाई, बापाचं ऐकलं नाही इतकं तुमचं ऐकतो मी. हे लक्षण काही बरं नाही."

"मग ऐकू नका," बाई म्हणाल्या.

"तेच तर जमत नाही!"

पुढं त्यांचा संसार झाला, मुलगी शिकून दूर नोकरीला गेली, आणि उस्तादांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. आधी कडेकडेचं दिसेना, मग मधलंही धुरकट झालं. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनीही शेवटी हात टेकले. आता उजेड आणि अंधार एवढाच काय तो फरक उस्तादांना कळत होता.

सुरुवातीला ते खिडकीपाशी खुर्चीत बसून रस्त्यावरचे ट्रक आवाजावरून ओळखत. "हा रिकामा चाललाय. हा भरलेला, आणि ह्याचा क्लच गेलाय." घरात वन्सं राहायच्या, म्हणजे उस्तादांची धाकटी बहीण. त्या मुद्दाम बाहेर डोकावून खात्री करत आणि म्हणत, "दादा, तुला डोळे कशाला हवेत रे?" पण हळूहळू उस्तादांनी ट्रक ओळखणं सोडलं. खुर्ची तीच, खिडकी तीच, माणूस मात्र तिथून उठून कुठंतरी गेल्यासारखा.

काटेबाईंची स्वतःची एक चैन होती. खाणीला सुट्टी असली की त्या सायकल काढून पठारावर जात. नवा मोठा रस्ता झाल्यापासून ट्रक तिकडून जायचे, त्यामुळे पठारावरचा जुना रस्ता एकदम मोकळा पडला होता. मैलोनमैल गाडी नाही. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या दगडी भिंती, आखूड गवत, मधेच जमीन वाटीसारखी खोल गेलेली, आणि वर चंडोल पक्ष्यांचा कलकलाट. परत आल्यावर त्या उस्तादांना सगळं सांगत. कुठली भिंत पडली, मेंढ्या कुठं चरत होत्या, वळणावरच्या घराला नवं दार कुठल्या रंगाचं बसलं.

एक दिवस उस्ताद शांतपणे म्हणाले, "आता नको सांगूस."

"का हो?"

"मी वीस-पंचवीस वर्षं गाडी नेलीय त्या रस्त्यानं. दुसऱ्याच्या तोंडून नाही ऐकवत."

ते 'नको सांगूस' काटेबाईंच्या मनात काट्यासारखं रुतून राहिलं. ट्रक ओळखणं गेलं, आता पठारही चाललं. पुढं काय जाणार, हे त्यांना विचारायचंही धाडस होईना.

मग एका सुट्टीच्या दिवशी पठारावर एक जोडपं दिसलं. एकाच सायकलवर दोघं, पुढं एक, मागं एक, दोघांचेही पाय पॅडलवर. काटेबाई त्यांच्याकडे बघत रस्त्यात उभ्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाणीतल्या वेल्डरला गाठलं.

वेल्डरनं दोन जुन्या सायकली कापून त्यांची एक केली. दिसायला काही देखणी नव्हती. अर्धी हिरवी, अर्धी तांबडी, मधे वेल्डिंगची शिवण. पण त्यानं ती स्वतः चालवून बघितली होती, मागं भाच्याला बसवून. "बाई, पन्नास वर्षं हलायची नाही," तो म्हणाला.

"मी हलणार नाही," सायकलला हात लावून बघताच उस्तादांनी जाहीर केलं. "पुढं कोण बसणार?"

"मी."

"आणि मी मागं? जन्मभर स्टिअरिंग धरलं, आता क्लीनर होऊन मागं बसू?"

वन्संनीही तेवढ्यात आपला वाटा उचलला. "वहिनी, अहो लोक हसतील. ह्या वयात दोघं एका सायकलवर!"

"हसू देत की. एरवी हसायला मिळतं कुठं त्यांना?" मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "एकदाच बसा. पठारावर जाऊन यायचं. नाही आवडलं तर सायकल विकून टाकेन, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. कानाला खडा."

उस्तादांना ठाऊक होतं, ही बाई एकदा बोलली की बोलली. ते बराच वेळ हाताशी आलेलं हँडल चाचपत राहिले. "हे वळत नाही," ते म्हणाले.

"मागचं आहे ते. नुसतं धरायला."

"मग त्याला हँडल कशाला म्हणतेस? दांडा म्हण." पण बसले.

गल्लीतली पहिली फेरी म्हणजे निव्वळ फजिती. बाई डावीकडे वळायला लागल्या की उस्ताद उजवीकडे कलत. बाईंनी पॅडल मारलं की उस्ताद थांबत, त्या थांबल्या की मारत. शेवटी दोघंही कोपऱ्यावरच्या कुंपणात जाऊन पडले. कुणाला लागलं नाही, पण उस्तादांनी कपडे झटकले ते फार सावकाश.

"झालं समाधान? विक आता."

"पठारावर जायचं ठरलंय. गल्लीत नाही."

पुढच्या सुट्टीला सकाळीच निघाले. गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर सायकल साप चालावा तशी चालली होती. उस्तादांना रस्ता पाठ होता, म्हणूनच अडचण. दिसत नसलेल्या वळणाच्या आधीच ते कलायचे आणि सायकल झोकांडी खायची. बाईंचे खांदे भरून आले. चढणीच्या पायथ्याशी, जिथं ओढा रस्त्याच्या बाजूनं वाहतो, तिथं सायकल पुन्हा भिंतीवर आदळता आदळता वाचली.

"अहो, तुम्ही चालवू नका ना!"

"मी कुठं चालवतोय? तूच वेड्यासारखी वळतेस!"

"आपोआप वळते का ती? तुम्ही कलता म्हणून!"

"मग उतर. परत जाऊ."

बाईंच्या मनात आलं, संपलं. आता घरी गेलो की हा माणूस त्या खुर्चीत बसेल तो कायमचा. रडू यायचं ते रागानं आलं, आणि रागात त्यांच्या तोंडून केबिनमधला आवाज बाहेर पडला. ठणठणीत, भोंग्यातून यावा तसा.

"पुढे! अजून... अजून... हलू नका, काटा होतोय!"

मागं उस्तादांची पाठ ताठ झाली, हात दांड्यावर स्थिर झाले. पायांनी मात्र पॅडल मारणं सोडलं नाही. सायकल सरळ चालू लागली, एखाद्या रेषेवरून चालावी तशी.

थोड्या वेळानं मागून आवाज आला, "बाई."

लग्न झाल्यापासून उस्तादांनी त्यांना 'बाई' म्हटलं नव्हतं.

"काय?"

"काही नाही. चालू दे."

पठाराचा चुनखडीचा दगड पाण्याला धरून ठेवत नाही. वर ओढा वाहत असतो, आणि चालता चालता एका खळग्यापाशी जमिनीत गडप होतो, तो थेट पायथ्याशी बाहेर पडतो. आता पायथ्याचा तो ओढा मागं पडला आणि पाण्याचा आवाज बंद झाला, तसे उस्ताद म्हणाले, "चढण आली. गिअर आत्ता उतरव. चढणीवर उतरवशील तर साखळी पडेल."

बाईंनी उतरवला. चढण लागली. काय ती चढण! रिकामे ट्रकसुद्धा तिथं पेंड खायचे. बाईंना घाम फुटला, श्वास तोंडानं घ्यावा लागला.

"इंजिन तापलंय तुझं," मागून आलं. "अजून एक उतरव. आणि वर बघू नकोस, समोरचा रस्ता बघ. वर बघितलं की चढण वाढते."

"तुम्ही पॅडल मारताय ना? की नुसतं भाषण?"

"पॅडल सोडून बघू?"

"नको! नको!"

अर्ध्यात बाईंना वाटलं, आता पाय टेकावाच लागणार. एक पाय पॅडलवरून सुटलाही. "डॉक्टरांनी हात टेकले," त्या धापा टाकत म्हणाल्या, "पण आपण पाय टेकायचे नाहीत हं." उस्ताद हसले. बाईंना ते हसू पाठीवर जाणवलं, सायकलीच्या दांड्यातून. आणि मागून असा काही जोर आला की त्यांना पाय परत पॅडलवर ठेवणं भाग पडलं.

माथ्यावर पोचले तेव्हा दोघांच्याही तोंडातून शब्द फुटत नव्हता. सपाटी लागली. वारा अंगावर आला. दोन्ही बाजूंच्या भिंती सुरू झाल्या, आणि त्यांच्यामधून चाकांचा आवाज वेगळाच घुमू लागला. दूर मेंढ्या, वर चंडोल, बाकी काही नाही. ना इंजिन, ना हॉर्न.

"मी यायचो तेव्हा इथं एवढी शांतता कधी नव्हती," उस्ताद म्हणाले. "माझाच आवाज असायचा ना. ट्रकचा."

बाईंच्या मनात शंभर गोष्टी होत्या, पण सांगायचं नाही हे ठरलेलं होतं.

बऱ्याच वेळानं उस्तादांनी विचारलं, "गप्प का? काय दिसतंय?"

"सांगू?"

"मग काय मी सांगू?"

बाईंनी सांगायला सुरुवात केली. डावीकडची भिंत एका जागी ढासळलीय, तिच्या खिंडारात एक मेंढी अडकल्यासारखी उभी आहे, पण अडकलेली नाही, नुसती विचार करतेय. वळणावरच्या घराचं दार निळं आहे. खळग्याच्या काठावर पिवळी फुलं आलीत, बारीक, बटणासारखी. उस्ताद मधेच थांबवून विचारत, "भिंत कुठं ढासळलीय? झाडाच्या अलीकडं का पलीकडं?" आणि बाई नेमकं सांगत. नेमकं सांगणं हेच तर त्यांचं जन्मभराचं काम.

दुपारी गल्लीत परतले, तर वेल्डर कोपऱ्यावर वाट बघत होता आणि वन्सं खिडकीत. दोघंही सायकल विकली जाणार असं धरूनच बसलेले.

"मग उस्ताद?" वेल्डर म्हणाला. "गिऱ्हाईक शोधू?"

"शोध, पण मऊ गादी शोध. मागच्या सीटवर दगडावर बसल्यासारखं वाटतं. आणि पुढच्या सुट्टीच्या आत बसवून दे."

वन्सं खिडकीतून ओरडल्या, "दादा, पडलात की नाही दोघं?"

"पडायला ड्रायव्हर काय कच्ची आहे?" उस्ताद अजून सायकलवरच बसून होते, एक पाय जमिनीवर. त्यांनी मान ताठ केली, आणि गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ड्रायव्हर पुढं बसलीय. मी हिचा क्लीनर!"

काटेबाईंनी लाजून मान खाली घातली असेल, असं कुणाला वाटेल. नाही घातली. त्या चांगल्या ताठ बसून राहिल्या, आणि म्हणाल्या, "आता उतरा. हळू. पुढे... बस्स."