नळ आले

माणूस खोलीतून बाहेर पडला की त्याच्या पाठोपाठ जाऊन दिवा-पंखा बंद करायचा, हे रंगनाथचं हल्लीचं काम. पगार नाही, सुट्टी नाही, कौतुक तर नाहीच नाही. मुलगा हर्षल आणि सून निकिता त्याला मागून ‘बटणबाबा’ म्हणायचे. तोंडावर म्हणाले असते तरी चाललं असतं. रिटायर झालेल्या माणसाला कुठल्या का होईना हुद्द्याने हाक मारलेली बरी वाटते.

मनमाडच्या रेल्वे यार्डात सांधे बदलण्यात त्याची सगळी नोकरी सरली. कुठली गाडी कुठल्या रुळावर जाते ते डोळ्यांत तेल घालून बघायचं, बाकी जगाकडे बघायचं नाही. गुडघे बोलायला लागल्यावर तो आणि बायको नवसाबाई नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ हर्षलच्या फ्लॅटवर राहायला आले. मग अंबडच्या कंपनीत हर्षलचा ओव्हरटाइम बंद झाला आणि घरात बिलांवरून धुसफूस सुरू झाली. तेव्हा रंगनाथच म्हणाला, “मी लक्ष ठेवतो. मला काय, बसूनच हाय.”

बोलला आणि अडकला. गिझर कोणी चालू ठेवला, टीव्हीचा लाल दिवा का जळतो, फ्रिजचं दार उघडं ठेवून आत काय शोधताय, एका शर्टासाठी इस्त्री कशाला तापवली. विजेचं बिल खरंच खाली आलं, पण घरातली माणसं त्याला बघून चपापायला लागली. जेवताना हर्षल म्हणायचा, “बाबा, घास तोंडात जाईपर्यंत तरी दिवा राहू द्या.” सगळे हसायचे, रंगनाथही हसायचा. पण आतून तो फार थकला होता. यार्डात निदान दुसरा माणूस येऊन सुटका करायचा, इथे बदली माणूस नव्हता.

वीज आटोक्यात आली आणि पाण्याने डोकं वर काढलं. सोसायटीत बोअरचं पाणी कमी पडतं म्हणून टँकर यायचे, आणि कोण किती वापरतं यावर भांडणं व्हायची. शेवटी प्रत्येक फ्लॅटला मीटर बसला. पहिल्याच महिन्यात हर्षलचं घर सगळ्यांच्या वर. सेक्रेटरींनी ग्रुपवर यादी टाकली, खाली कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. हर्षल रागाने लालबुंद झाला. प्लंबर आला, भिंतीला कान लावून गेला आणि म्हणाला, “आतला पाइप गळतोय. बाथरूमच्या फरशा फोडाव्या लागतील.”

“रविवारी फोडून टाका,” हर्षल म्हणाला.

“रविवारपर्यंत मी जरा बघतो,” रंगनाथ म्हणाला. फरशा फोडायचा खर्च त्याने प्लंबरला आधीच विचारून घेतला होता.

मीटर लिफ्टशेजारी, पॅसेजमधल्या कपाटात होता. पाणी चालू असलं की त्यातली लाल चक्री फिरायची. हर्षल-निकिता कामावर गेल्यावर रंगनाथने सगळे नळ घट्ट बंद केले आणि प्लास्टिकची खुर्ची टाकून चक्रीसमोर बसला. चक्री हलेना. म्हणजे पाइप धड होता. प्लंबरला मनातल्या मनात एक शिवी घालून तो तसाच बसून राहिला, कारण उठायचाही कंटाळा आला होता. डोळा लागतोय एवढ्यात चक्री फिरायला लागली, आणि थांबेचना.

तो आत गेला. मागच्या बाल्कनीत नवसाबाई कमरेला पदर खोचून उभी होती. मनमाडहून आणलेली तिची सगळी भांडी, हंडे, कळशी, स्टीलचं पिंप, तिथे मांडून ठेवलेली होती. भरलेला हंडा तिने मोरीत पालथा केला आणि परत नळाखाली लावला.

“अगं, काय करतेस?”

“हळू बोला,” ती कुजबुजली. “नळ आलेत. रंगूबाई जागी झाली तर तिचं पिंप आधी लागंल.”

रंगनाथला आधी हसूच आलं. मनमाडला क्वार्टरच्या ओळीला एकच नळ होता, आणि नळ तिथे पाहुण्यासारखे यायचे, वाट बघायला लावून आणि वेळ न सांगता. ‘नळ आले’ अशी हाक उठली की हातातलं काम टाकून बायका धावायच्या. उरलेलं पाणी शिळं म्हणून झाडाला ओतायचं, भांडी विसळायची, ताजं भरून घ्यायचं. रंगूबाई शेजारीण. नंबर लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

“हंडा भरलेला होता की.”

“ते शिळं.”

“आणि रंगूबाई कुठनं येणार? वारली ती.”

नवसाबाईने त्याच्याकडे असं बघितलं, जणू कोणी दाराशी येऊन भलतंच अभद्र बोलून गेलं होतं. मग ती पिंप विसळायला लागली.

तो खुर्चीवर परत आला. थोड्या वेळाने चक्री पुन्हा फिरली. नवसाबाईने चहाची कपबशी धुवायला नळ सोडला होता, नळाला पाणी दिसलं होतं, आणि तिच्या लेखी नळ नव्याने आले होते. मघाशी भरलेलं सगळं शिळं झालं होतं. मग रंगनाथला एकेक आठवायला लागलं. वरणात दोनदा पडलेली साखर. निकिताला तिच्या नणंदेच्या नावाने मारलेली हाक. जिन्यात उभं राहून “आपलं दार कुठलं हो?” असं विचारणं. हे सगळं त्याने वयावर ढकललं होतं. घरातल्या प्रत्येक बटणावर नजर ठेवणाऱ्या माणसाला शेजारी झोपणारी बायको दिसली नव्हती. तो घाबरला, अगदी लहान पोरासारखा घाबरला.

हर्षलला सांगायला हवं, हे कळत होतं. पण रंगूबाईचं शेवटी असंच झालं होतं, आणि ते त्याने बघितलं होतं. ती समोर बसलेली असताना घरातले तिच्याबद्दल तिच्या डोक्यावरून बोलायचे. हिला काही कळत नाही, हिला विचारू नका, हिला चुलीपाशी जाऊ देऊ नका. बाई होती, पण घरात तिची गणती उरली नव्हती. नवसाबाईचं तसं होऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

रविवारी प्लंबर छिन्नी-हातोडा घेऊन हजर झाला. पहिला घाव घालायला त्याने हात उचलला आणि रंगनाथ मध्ये आला.

“फोडू नका. गळती नाय. पाणी मीच वापरतो.”

“म्हणजे?” हर्षलने विचारलं.

“दुपारचं लय उकडतं. मी दोन-तीनदा अंघोळ करतो.”

प्लंबरने हातोडा खाली ठेवला. मग हर्षलचा तोल गेला. “कमाल आहे बाबा! आम्ही दात घासताना नळ चालू ठेवला तर तुम्ही दाराशी येऊन उभे राहता. आणि स्वतः?”

रंगनाथ मान खाली घालून उभा राहिला. नोकरीत एकदाही मेमो न मिळालेला माणूस तो. नवसाबाई पुढे होऊन म्हणाली, “त्यांना नका बोलू. ड्यूटीवरून दमून येतात.” हर्षलला ते टोमण्यासारखं वाटलं आणि तो आणखी चिडला. दोरीवर वाळत घातलेल्या रंगनाथच्या टॉवेलला निकिताने हात लावून बघितलं आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून रंगनाथने नगरपालिका चालवायला घेतली. मुलगा-सून बाहेर पडली की तो मीटरच्या कपाटातला, घराच्या पाण्याचा कॉक बंद करायचा. नळ कोरडा दिसला की नवसाबाई शांत असायची, भरलेल्या पाण्यातूनच जपून जपून वापरायची. पाणी संपत आलं की रंगनाथ कॉक उघडायचा आणि यार्डातल्या आवाजात हाक द्यायचा, “नळ आले!” ती उठायची, भरायची, तो हंडे उचलून ठेवायचा. मग कॉक बंद करून सांगायचा, “नळ गेले.” संध्याकाळी कॉक उघडावाच लागे, पण निकिता घरात आली की स्वयंपाक तिच्यावर सोडून नवसाबाई नळाकडे फिरकत नसे.

मीटर ताळ्यावर आला. हर्षल म्हणाला, “अंघोळी कमी केल्यात वाटतं.” रंगनाथने ते गिळलं. गुडघे सुजले होते, हंडा उचलताना पाठीत कळ यायची, आणि खोटं बोलण्याचाही एक वेगळा शीण असतो. नवसाबाई जेवायला लागली की तो नुसता तिच्याकडे बघत बसायचा. तिला वाटायचं, भाजीत मीठ कमी पडलं.

एका दुपारी त्याने कॉक उघडला, आत तोंड करून “नळ आले!” अशी हाक मारली आणि वळला, तर लिफ्टच्या दारात निकिता उभी. ऑफिसातून लवकर सुटली होती. त्याचा हात कॉकवर तसाच राहिला.

“ते... जरा कॉक घट्ट झाला होता,” तो म्हणाला.

“बाबा,” निकिता हळूच म्हणाली, “मी येते तेव्हा तुमचा टॉवेल कधीच ओला नसतो.”

रंगनाथने हात कॉकवरून काढला. एवढ्यात आतून नवसाबाई ओरडली, “अहो, कळशी द्या आधी! पाणी जाईल!”

निकिताने त्याच्याकडे बघितलं, आत बघितलं. बाल्कनीच्या दारातून भांड्यांची रांग दिसत होती. तिने चप्पल काढली, पर्स सोफ्यावर टाकली, ओढणी कमरेला बांधली आणि कोपऱ्यातली बादली उचलून बाल्कनीत गेली.

“आई, माझा नंबर कुठं?”

नवसाबाईने वळून बघितलंसुद्धा नाही. “रंगूबाईच्या मागं. मधी घुसायचं नाय, सांगून ठेवते.”

“नाही घुसत,” निकिता म्हणाली. आणि नवसाबाईच्या मागे, एका बाईपुरती जागा सोडून, ती बादली घेऊन उभी राहिली.

रंगनाथ पॅसेजमध्ये खुर्चीवर बसला. मीटरची चक्री जोरात फिरत होती. त्याने तिकडे बघितलं नाही.