आबांचा फोटो आणि मी केलेली टिक

मी काही लिहावं एवढा मोठा नाही. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि वडगावला मुलाणी मॅडमच्या ऑफिसात फायली लावतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. त्यामुळे शहाणपणा शिकवतोय असं वाटलं तर माफ करा. हे प्रकरण माझ्याच बोटानं सुरू झालं, म्हणून लिहितोय.

“वकीलबाई, त्या कंपनीला म्हनावं, आमच्या ह्यांचा फोटू काढून टाका.”

कुरवंड्याची हिरामावशी मॅडमसमोर बसली होती. ती आमची शेजारीण. नागफणीच्या डोंगरावर येणाऱ्या ट्रेकर लोकांसाठी तिनं आणि आबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, घरामागच्या दोन खोल्या होमस्टेला काढल्या होत्या. आबांना जाऊन वर्ष झालं होतं. बुकिंग साइटच्या जाहिरातीत मात्र ते अजून ओट्यावर बसून हसत होते. खाली लिहिलं होतं, ‘आबा तुमची वाट बघताहेत.’

“दर शनिवारी पाव्हणं येत्यात,” मावशी म्हणाली. “पिशवी खाली ठिवायच्या आदी इचारत्यात, आबा कुटं हायत? दर शनिवारी मी किती येळा सांगू, गेलं म्हणून?”

मी तिच्या वतीनं कंपनीला दोनदा मेल केला होता. उत्तर दोन्ही वेळा तेच आलं. तुम्ही टर्म्स अँड कंडिशन्स मान्य केल्या आहेत. त्यानुसार फोटो वापरायचा हक्क आमच्याकडे कायमचा आहे, तो परत घेता येत नाही.

“टिक कुणी केली होती?” मॅडमनी विचारलं.

मी हातातली फाइल खाली ठेवली. “मी.”

“अटी वाचल्या होत्यास?”

“स्क्रोल केल्या, मॅडम.”

“ते माझा नातूपण करतो.”

तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. मी नुकताच बारावी झालो होतो. गावात कुणाचाही ऑनलाइन फॉर्म असला की मलाच हाक यायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. रेंज फक्त त्यांच्या गोठ्यामागच्या धोंड्यावर यायची. आबांनी केसांना पाणी लावून भांग पाडला, नवी टोपी घातली आणि ओट्यावर ताठ बसले. हसायला काही तयार नव्हते. मावशी आतून ओरडली, “लग्नात बी एवडं नटला न्हवता!” तेव्हा ते हसले आणि मी फोटो काढला.

मग धोंड्यावर बसून मी टिक केली. आबा मागे उभे होते. “आपुन कशाला हो म्हणतोय रं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “काही नाही आबा, असंच असतं.”

मॅडमनी मला ऑफिसात जे समजावलं ते साध्या शब्दांत सांगतो. न वाचता केलेली टिक म्हणजे काहीच नाही, असं आपल्याला वाटतं. पण अटी समोर ठेवल्या असतील आणि टिक केल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल, तर तो साधारणपणे करारच धरला जातो. वाचलं नव्हतं, ही सबब सहसा चालत नाही. अगदीच एकतर्फी अटीला आव्हान देता येतं, पण त्याला वेळ लागतो.

“फोटो कुणी काढला?”

“मीच. माझ्या मोबाइलवर.”

मॅडम ताठ बसल्या. “पैसे घेतलेस?”

“नाही. पिठलं-भाकरी खाल्ली.”

“मोबदला म्हणून?”

“मोबदला कसला?” मावशीच म्हणाली. “सकाळपासनं उपाशी हुतं ते.”

फोटो कुठं वापरायचा हे ठरवायचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, साधारणपणे काढणाऱ्याचा असतो. करार मात्र मावशीच्या नावावर होता. जे तिचं नव्हतंच, ते तिनं कायमचं कसं दिलं? हा आमचा मुद्दा. “पण अपलोड तूच केलास,” मॅडम म्हणाल्या. “त्यांचा वकील पहिलं तेच धरेल.” शिवाय फोटो दुसऱ्याचा निघाला तर खातं बंद करू, अशीही एक अट होती. त्या दोन खोल्या त्याच खात्यावर चालत होत्या.

“मावशी, खोल्या रिकाम्या राहतील,” मी म्हणालो.

“ऱ्हाऊ दे. शनिवारी दार उघडायचं भ्या वाटतंय मला.”

फोटो माझा आहे, तो काढून टाका, अशी नोटीस कंपनीला माझ्या नावानं गेली. मी टिक केली, अटी वाचल्या नाहीत, मावशीला समजावल्या नाहीत, हे सगळं त्यात मला लिहावं लागलं. माझं नाव असलेला तो पहिला कायदेशीर कागद. मॅडमनी त्यातली एकच ओळ बदलली. ‘मला वाटते’ खोडून ‘माझे म्हणणे आहे’ केलं.

पुढचे दोन महिने काहीच आलं नाही. मग मेल आला. आमचा कोणताही हक्क न सोडता, केवळ सद्भावनेनं फोटो काढून टाकत आहोत. खातं सुरू राहील. म्हणजे कायद्यानं कोण बरोबर होतं, ते ठरलंच नाही. मॅडम म्हणाल्या, बरीच प्रकरणं अशीच मिटतात. मी आता टिक करायच्या आधी अटी वाचतो. सगळ्या वाचून होत नाहीत, पण ‘कायमचा’ हा शब्द तेवढा शोधतो.

रविवारी मावशीचा फोन आला.

“फोटू गेला रं. काल पाव्हणं आलं. च्या पिऊन डोंगराकडं गेलं बी.”

“मग बरं झालं की, मावशी.”

“व्हय,” ती म्हणाली. “आबांचं कुणी इचारलंच न्हाई.”