बाबांचं गाऱ्हाणं

दरवर्षी काहीतरी नवीन शिकायचं, हा माझा हट्ट. पंचेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकलो, मग पेटी, मग कॉम्प्युटर. कणकवलीच्या शाळेत मुलांना मी हेच शिकवतो. स्वतःचं कौतुक करण्यात मी कधी मागे नव्हतो.

एक गोष्ट मात्र घरातच होती. गावच्या देवळात जत्रेला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. बाबा देवापुढे उभे राहून गावासाठी मागणं मागत आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणे. "बाजूक उभो रव, आयकान शिक," ते दरवर्षी सांगत. मी म्हणायचो, पुढल्या वर्षी. मला ते शिक्षण वाटतच नव्हतं, हे खरं.

गेल्या पावसाळ्यात बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. जत्रा तीन महिन्यांवर होती.

आठवेल तेवढं मी वहीत उतरवलं आणि त्यांच्या खाटेशी बसून वाचलं, "हे देवा, सर्व ग्रामस्थांचे कल्याण कर." बाबांनी डावा हात असा आपटला की तांब्या कलंडला.

"अवो, ह्यां गाऱ्हाणां आसा काय तहसीलदाराक अर्ज?" बायको म्हणाली.

वही मिटली. मग रोज शाळेतून आलो की मी म्हणायचो आणि ते ऐकायचे. चुकलं की हात आपटायचा, बरोबर असलं की डोळे मिटलेले. काय चुकलं हे सांगणार कोण? एकेका ओळीला आठ आठ दिवस गेले. मी चिडायचो, अंगणात जाऊन उभा राहायचो. सगळ्यात जास्त राग स्वतःचा यायचा. चाळीस वर्षं हा माणूस बोलत होता, तेव्हा मी कुठे होतो?

जत्रेच्या दिवशी उभा राहिलो. शेती, गुरं, मुंबईक गेलेली पोरं, सगळं ओळीनं आलं. शेवटी न ठरवता तोंडातून निघालं, "आणि म्हाराजा, माज्या बापाशीक वाचा दी."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. काहींनी डोळे पुसले.

घरी चुलतभावानं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग बाबांना ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटच्या ओळीला हात आपटला, जोरात. ते का, हे मला लगेच कळलं. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं गावासाठी मागायचं, आपल्या घरासाठी नाही. हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं.

"बाबा, चुकलंय," मी म्हटलं. त्यांनी परत हात आपटला. म्हणजे, पुन्हा म्हण.

मी खाटेशी उभा राहिलो आणि पहिल्यापासून म्हटलं. गुरांचं मागितलं, पोरांचं मागितलं, शेजाऱ्यांच्या आजाऱ्यांचंही मागितलं. बाबांचं सोडून सगळ्यांचं मागून झाल्यावर थांबलो. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.