देव न मानणारीचा शब्द

इथं परदेशात, युनिव्हर्सिटीच्या बसस्टॉपवर भेटणारी ती नागपूरची पोरगी वाचता वाचता पुस्तकाशीच भांडायची. "असं कसं, यार!" म्हणत पेन्सिलीनं समासात खरडायची. एकदा विचारलं, कुणावर गं एवढा राग?

"मावशी, हा तीनशे वर्षांपूर्वीचा इंग्रज पंडित. सक्तीनं श्रद्धा येत नाही, ज्याला त्याला आपला धर्म पाळू द्या, म्हणतो. किती छान! पण माझ्यासारख्या नास्तिकांना ही मोकळीक नाही म्हणे. देवाला न भिणाऱ्याच्या शब्दाचा भरवसा काय!"

मला ते लागलंच बाई. इथल्याच दूरच्या प्लेनो शहरात लेकीकडे पंधरा दिवस जायचं होतं, तेव्हा घराची किल्ली मी हिलाच दिली. म्हटलं, "संध्याकाळी देवापुढं दिवा लावशील?"

"लावीन."

शेजारच्या कुमुदताई म्हणाल्या, "अहो, देव न मानणारी ती! सासूबाईंपासूनचा नेम मोडाल." म्हणजे पंडिताच्याच पंगतीत बसल्या की!

पुढं इतका बर्फ पडला, की बसेस कॅन्सल झाल्या. "आज काही तुमचा दिवा लागत नाही," असा ताईंचा फोनही आला. मग त्यांनीच खिडकीतून पाहिलं, पोरगी कॅम्पसपलीकडून चालत आली, गुडघ्यापर्यंत भिजलेली. आमचं घर लाकडी, म्हणून दिवा शांत होईपर्यंत रोज वाचत बसायची आणि मगच कुलूप लावायची.

मी परतले तेव्हा ताईंनी तिला माझ्यासमोरच गाठलं. "नमस्कार तरी केलास का गं देवाला?"

"नाही केला, काकू. कबूल फक्त दिवा केला होता."